साखळी सोडा, दार लावा

पत्र:

काका, नमस्कार. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरापासून दोन वावरं ओलांडली की जंगल. घरी मी, माझे मालक, मामाजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू आणि आठ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी मुलानं बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. त्याचं नाव काळ्या. रात्री त्याला सपरीतल्या (घरापुढच्या पडवीतल्या) खांबाला साखळीनं बांधतो. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचं कुत्रं बिबट्यानं अंगणातून नेलं. तेव्हापासून मुलगा हट्ट धरून बसला आहे की काळ्याला माझ्या बाजेवर झोपू द्या. मामाजी म्हणतात, कुत्र्याची जागा बाहेर, ते आत झोपलं तर राखण कोण करणार? आत्याबाईंना दमा आहे, शिवाय देवघर आतच आहे, त्यांना कुत्रं उंबरठ्याच्या आत नको. मालक म्हणतात, धानाच्या जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, मी त्याला वावरात नेतो, प्रश्नच मिटला. चार जणांचं चार आणि मी मधात. आणखी एक गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही. दोनदा पहाटे उठले तर मुलगा बाजेवर नव्हता. सपरीत जमिनीवर काळ्याला बिलगून झोपला होता. काय करू?

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी चष्मा काढून ठेवला. आधी त्याबद्दलच लिहितो, बाकीचं नंतर.

उघड्या सपरीत, जमिनीवर, कुत्र्याला बिलगून झोपलेलं लेकरू. आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, याहून धोक्याची झोप मला माहीत नाही. बिबट कुत्र्यासाठी येतो, आणि अंधारात त्याला कुत्र्याशेजारी आणखी एक लहान अंग दिसतं. शिवाय पावसाळ्यात त्याच जमिनीवरून उंदरामागे मण्यार फिरते. मण्यार बहुतेक वेळा झोपलेल्या माणसालाच चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोरगं पोटात दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात, आणि घरचे काल काय खाल्लं ते आठवत बसतात. तेव्हा ही गोष्ट आज मालकांना आणि मामाजींना सांगा. लपवू नका. घरातून सपरीत उघडणाऱ्या दाराला आतून वरच्या बाजूला कडी बसवा, त्याचा हात पोचणार नाही इतकी वर. पण नुसत्या कडीनं भागणार नाही. तो बाहेर जातो कारण त्याचा मित्र बाहेर बांधलेला आहे आणि शेजारच्या कुत्र्याचं काय झालं ते त्यानं ऐकलं आहे. काळ्या सुरक्षित झाल्याशिवाय मुलगा झोपणार नाही. दोघांचा प्रश्न एकच आहे.

माझं उत्तर असं: काळ्यानं रात्री बंद दाराच्या आत झोपावं, आणि त्याच्या गळ्यात साखळी नसावी. खोली कोणती, कोपरा कोणता, हे घरानं ठरवायचं. दार आणि साखळी या दोन बाबतीत मात्र मी तडजोड सांगणार नाही.

साखळीबद्दल इतक्या ठामपणे बोलतो त्याला कारण आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीत असताना मी ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात भाड्याच्या घरात राहत होतो. राणी नावाची बदामी रंगाची कुत्री होती माझ्याकडे. भादव्यात गावातली कुत्री तिच्यामागे लागायची म्हणून मी तिला रात्री सपरीच्या खांबाला बांधायला लागलो. आपण काळजी घेतोय असंच मला वाटत होतं. एका रात्री दोनच्या सुमारास एकदाच, अर्धवट असा आवाज आला. ओरडणं पुरं झालंच नाही. मला वाटलं गावातलं कुत्रं आलं असेल, मी कूस बदलली. सकाळी खांबाला साखळी होती, ताणून अंगणाच्या दिशेला सरळ पडलेली. टोकाला पट्टा, बक्कल तसंच लावलेलं. सारवलेल्या अंगणात ओढत नेल्याचा माग, तुळशीपाशी वळलेला, आणि पुढे कुंपणाच्या काट्यांना बदामी केस. मोकळी असती तर राणी पळाली असती, घरात घुसली असती, दाराला धडका दिल्या असत्या. मी तिला चार हातांच्या साखळीएवढं जग ठेवलं होतं. तीस वर्षं जनावरांच्या नोकरीत काढली, पण ती सकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बिबट्याला कुत्रं किती आवडतं हा ऐकीव भाग नाही. अकोले तालुक्यात, म्हणजे तिकडे नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ऊसपट्ट्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा अभ्यास केला होता. खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनानं जवळपास ३९ टक्के. आपल्याकडे जंगल जवळ आहे, चितळ आहे, रानडुक्कर आहे, तेव्हा आकडा हाच असेल असं नाही. पण बिबट्याची सवय तीच. शेजारच्या अंगणात त्याला एकदा सहज मिळालं आहे, तर तो त्या गल्लीत पुन्हा फिरकणार हे धरून चला. शेजाऱ्यांनी वनविभागाला कळवलं नसेल तर तुम्ही कळवा. १९२६ या क्रमांकावर फोन लागतो.

आता मामाजी. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण ते त्यांच्या काळाला धरून बोलत आहेत. त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात अख्खं घर अंगणात बाजा टाकून झोपायचं. हिवाळ्यात शेकोटी रात्रभर धुमसायची. कोठ्यात बैलांजवळ गडी असायचा, पहाटे तीनला कोणीतरी बैलांना वैरण टाकायला उठायचं. कुत्रं बाहेर होतं हे खरं, पण ते माणसांच्या मधात होतं. आज आपण सगळे कूलर लावून, कड्या घालून आत झोपतो आणि कुत्रं तेवढं जुन्या जागेवर राहिलं, एकटं. मामाजींशी बोलताना हे त्यांच्याच आठवणीतून निघू द्या. त्यांना विचारा, मामाजी, तुमच्या वेळी रात्री अंगणात किती माणसं असायची? बाकी ते स्वतःच जोडतील.

राहिली राखण. गावठी कुत्रं वजनाला १५ ते २० किलो. वाढलेला बिबट नर ५० ते ७० किलोंचा. काळ्यानं बिबट्याशी किंवा चार चोरांशी झुंजावं अशी मामाजींचीही अपेक्षा नसेल. त्याचं काम आवाज देण्याचं आहे, आणि ते काम दाराआडून उलट नीट होतं. माणसाच्या कानाला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याच्या कानाला ४५ हजारांच्या आसपास. फाटकाची कडी हलली, सांदवाडीत (परसात) कोणी पाचोळ्यावर पाय ठेवला, तर तुमच्या आधी काळ्याला कळणार, मग तो भिंतीच्या अलीकडे असो की पलीकडे. बाहेर असलेलं कुत्रं रात्रभर प्रत्येक कोल्ह्यावर, प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतं, आणि घरचे त्या आवाजाला इतके सरावतात की खरं संकट आलं तरी कूस बदलतात. मी बदललीच होती. आत झोपणारं कुत्रं मध्यरात्री भुंकलं तर सगळं घर उठतं. मात्र उठून लगेच दार उघडायचं नाही. आधी बाहेरचा दिवा लावायचा, खिडकीतून बॅटरी फिरवायची, आवाज करायचा. कुत्र्याला बाहेर सोडायचं तर मुळीच नाही.

आत्याबाईंच्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे, ताई. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत कुत्र्याचे केस आणि कातडीचा कोंडा नको. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात की, असं कोणी त्यांना ऐकवायला जाईल, तुम्ही ऐकवू नका. घर त्यांचंही आहे आणि श्वास त्यांचा आहे. उंबरठ्याच्या आत कुत्रं नाही, ही त्यांची अट पाळूनही काळ्याला बंद दाराआड ठेवता येतं. तुमच्या घराला सपरी आहे. ती बंद करा.

सपरी बंद करायची म्हणजे काय, ते सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक चुकतात. टोंगळ्याएवढी (गुडघ्याएवढी) भिंत आणि वर बांबूचा ताटवा, याला बंद म्हणत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक तारेची जाळी बिबट पंज्यानं फाडतो. गावातल्या वेल्डरकडून जाड तारेची वेल्डमेश जाळी लोखंडी चौकटीत बसवून घ्या, खालपासून थेट वाशांपर्यंत. भिंत आणि कवेलूंच्या (छपराच्या कौलांच्या) मधली फट बहुतेक घरांत तशीच राहते. ती नक्की बुजवा, बिबट तिथूनच उतरतो. दाराला बाहेरून-आतून कडी, आणि दाराखाली विटेएवढीही फट नको. अशा जाळीतून काळ्याला अंगण दिसेल, वास येतील, तो आपलं काम करील. मामाजींचं कुत्रं राखणीला, आत्याबाईंचा उंबरठा शाबूत. पैशाची अडचण असेल तर यंदा धान विकल्यावर सगळ्यात पहिलं हे काम करा, आणि तोवर काय करायचं ते शेवटी सांगतो. कोठ्यात ठेवू का, असंही मनात येईल. कोठ्याला चारी भिंती आणि मजबूत दार असेल तरच. आपल्याकडचे बहुतेक कोठे तीन बाजूंनी उघडे असतात, आणि शेळ्या असल्या तर बिबट्याला दोन कारणं मिळतात.

आता मुलाची बाज. त्याला वाईट वाटेल, तरी मी नाहीच म्हणेन. कुत्र्याच्या पोटातले जंत लेकराच्या पोटात जायला एकत्र अंथरूण हा सगळ्यात सोपा रस्ता. दिवसा त्यानं काळ्याशी हवं तितकं खेळावं, जेवायच्या आधी साबणानं हात धुवावे. काळ्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. रेबीजची लस दरवर्षी, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पत्रात लसीचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो, दिली आहे ना? नसेल तर याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ वर फोन करून फिरतं पथक तुमच्या गावाकडे कधी येतं ते विचारा. रात्रभर बाहेर असणाऱ्या कुत्र्याला कोणत्या पिसाळलेल्या कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं ओरबाडलं हे सकाळी कळायला मार्ग नसतो. दाराआड झोपवायचं हेही एक कारण. आणि खेळताना काळ्याचा दात लागला, घरचंच कुत्रं आहे म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही भरू नका, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सांगतील तितकी इंजेक्शनं सांगतील त्या तारखांना पूर्ण घ्या. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही.

काळ्याच्या अंथरुणाला धानाचं रिकामं पोतं चालेल, पण थेट फरशीवर नको. विटांवर एक फळी टाका, वर पोतं. हिवाळ्यात खालून गारठा लागत नाही, पावसाळ्यात ओल लागत नाही, आणि कोपराला घट्टे पडत नाहीत. पोतं आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. गोचीड कुत्र्याच्या अंगावर जितकी दिसते त्याहून जास्त भिंतीत असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून सपरीच्या भिंतीच्या भेगा बुजवून चुना मारा.

गोचिडीवरून एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो. कपाशीवर, धानावर फवारायचं औषध पाण्यात टाकून कुत्र्याला चोपडणारे लोक मी नोकरीत कितीतरी पाहिले. लाळ गाळत, थरथरत, पाय झाडत माझ्यापुढे मेलेली कुत्रीही पाहिली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपण विदर्भातली माणसं विसरलेलो नाही. तेच विष काळ्याच्या केसांत, काळ्या अंग चाटतो, तुमचं लेकरू त्याच्या मानेत तोंड खुपसतं. गोचिडीचं औषध जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, वजन सांगून घ्या.

उन्हाळ्याचं वेगळं लिहावं लागेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाची खोली रात्री बारापर्यंत तव्यासारखी राहते. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. बंद टिनाखाली कोंडलेलं कुत्रं रात्रीही उष्माघातानं जाऊ शकतं. जाळीच्या सपरीत वारा खेळतो, म्हणूनही मला ती जागा पसंत आहे. संध्याकाळी फरशीवर पाणी शिंपडा, मातीच्या कुंड्यात पाणी भरून ठेवा, पोतं त्या दिवसांत काढलं तरी चालेल, तो आपणहून ओल्या फरशीवर पोट टेकून पडेल. घरचे सगळे स्लॅबवर झोपत असाल आणि जिन्याला दार असेल, तर काळ्यालाही वर न्या. अंगणात मात्र या वर्षी कोणीच झोपू नका. शेजारची घटना ताजी आहे.

मालकांच्या जागलीबद्दल. धान निसवल्यावर रानडुकरं एका रात्रीत काय करतात ते मला सांगायला नको, जागल सोडा असं मी म्हणू शकत नाही. पण मालक मचाणावर आणि काळ्या खाली खुंट्याला, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. कुत्र्याला शिडी चढता येत नाही. त्याच्या भुंकण्यानं डुकरं जातील, पण बिबट येईल, कधी वाघही. आणि खाली कुत्रं संकटात आहे म्हटल्यावर मालक वर बसून राहणार नाहीत, हातात काठी घेऊन उतरतील. कुत्र्यापायी माणसं अशीच सापडतात. काळ्याला घरी ठेवा. जागलीला दोन माणसं, बॅटरी, डबा वाजवायला. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी वनविभागाच्या योजनेतून अनुदान मिळतं, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकाकडे करा. मालक एकटे करून होणार नाही, शेजारच्या वावरवाल्यांना घेऊन जा.

काळ्याला नव्या जागेची सवय लागायला आठ-पंधरा दिवस लागतील. पहिल्या दोन-चार रात्री तो कण्हेल, दार खरवडेल. दर कण्हण्याला दार उघडलंत तर कण्हलं की दार उघडतं हे तो शिकेल. तो गप्प झाला की मग जवळ जा, नाव घ्या. जेवण दिवेलागणीच्या आधी द्या, बाहेर ताटली ठेवू नका, उष्टं आणि कोंबडीचं कातडं-हाडं घरामागे फेकू नका, त्यानं गावची कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट. झोपायच्या आधी दिवा लावून, हातात काठी घेऊन, मोठ्यानं बोलत त्याला अंगणात एक फेरी मारून आणा. पहाटे उजाडल्याशिवाय सोडू नका. मोठ्या माणसानंच हे करायचं, मुलानं नाही.

आणि मुलासाठी. तुमच्या घराची खिडकी सपरीत उघडत असेल, जुन्या घरांत बहुतेक उघडतेच, तर त्याची बाज त्या खिडकीला लावा. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. काळ्याची फळी भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच खिडकीखाली. रात्री त्याला काळ्याचं अंग झटकणं, उसासा टाकून पडणं, सगळं ऐकू येईल. पोत्यावर त्याचा एक जुना सदरा टाकू द्या. सपरीची कडी लावायचं काम मामाजी आणि नातवानं मिळून करावं, आजोबा कडी घालतील आणि तो ओढून बघेल. ज्या पोरानं कडी ओढून पाहिली आहे त्याला रात्री उठून बघायला जावं लागत नाही.

जाळी बसेपर्यंत काळ्याला बैठकीच्या खोलीत, दारालगतच्या कोपऱ्यात घ्या. आत्याबाईंना सांगा, इतकेच दिवस, आणि त्यांच्या खोलीचं दार तेवढे दिवस बंद राहील, सकाळी फरशी मी स्वतः पुसेन. त्या ऐकतील असं मला वाटतं, नातवाची ती गोष्ट कळल्यावर तर नक्कीच. वेल्डरला उद्या बोलवा. खांबाची साखळी आजच काढा.